आहे का कोणी घरात?

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, म्हणजे तशी तरुणच असताना, मी मेंदूच्या तपासणीत पहिली येण्यासाठी अभ्यास करून गेले होते.

अभ्यास म्हणजे खरोखरचा अभ्यास. माझ्या नणंदेला दवाखान्यात जे प्रश्न विचारले, ते मी शेजारच्या खुर्चीवर बसून कान देऊन ऐकले, घरी आल्यावर भाजी चिरता चिरता पाठ केले आणि प्रत्येकाला एक टवटवीत उत्तर तयार ठेवलं. झोप कशी लागते? गाढ. सकाळी उठावंसं वाटतं का? कोंबड्याच्या आधी. कशात मन रमतं का? अहो, कशात नाही ते विचारा. टेलिफोन खात्यातली बढतीची परीक्षा मी अशाच घोकंपट्टीवर पास झाले होते. तिथे चांगले मार्क मिळाले की पंख्याखालची खुर्ची मिळायची. इथे चांगले मार्क मिळाले की काय मिळतं, हा विचार माझ्या टाळक्यात शिरलाच नाही. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी माझ्या नावापुढे ‘निरोगी’ लिहिलं आणि मी त्या आनंदात बुद्धविहारातल्या बायकांना संत्रा बर्फी वाटून आले. माझा मेंदू एकदम स्वच्छ निघाला म्हणून सांगितलं. मेंदूचं चित्र तर अजून काढायचंच होतं. आणि ती बर्फी माझ्या तोंडात वाळूसारखी लागली होती, हे मी कोणाला सांगितलं नाही.

हा मूर्खपणा आधी कबूल केला, कारण त्याच्याशिवाय त्या डॉक्टरांची गोष्ट सांगता येत नाही.

ते डॉक्टर शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात बसत. वर उन्हाळ्यानं रस्त्यावरचं डांबर मऊ केलेलं, ऑटोवाल्यांनी डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले, आणि खाली स्वेटर घालावा अशी थंडी. तिथे ते मशीन होतं. भिंतीएवढं पांढरं कडं, त्यात बोगदा, बोगद्यात सरकणारी फळी. म्हाताऱ्या माणसांचं मन उदास होतं तेव्हा मेंदूत काय घडतं, याची चित्रं काढायचं काम डॉक्टरांनी हाती घेतलं होतं. उदास म्हातारे एका बाजूला, त्याच वयाचे ठणठणीत म्हातारे दुसऱ्या बाजूला, आणि मग दोन्हीकडच्या चित्रांची तुलना.

वॉर्डातली माणसं त्यांना ‘भुताचे डॉक्टर’ म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. पडद्यावर कोणाच्या मेंदूचं चित्र आलं की ते आधी बोटाच्या पेरानं पडद्यावर टकटक करायचे आणि हळू आवाजात विचारायचे, “आहे का कोणी घरात?” मग मान तिरकी करून थांबायचे. खरंच थांबायचे, दार उघडायची वाट पाहतो तसे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मीही श्वास धरून उभी राहिले.

दिवसाउजेडी त्यांना जमिनीच्या वर कोणी पाहिलं नव्हतं. सूर्य उगवायच्या आत तळघरात उतरायचे, मावळल्यावर चढायचे. चेहरा त्यामुळे पावाच्या आतल्या भागासारखा पांढुरका झालेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोणी नसलं की ते त्या बोगद्यातच जाऊन आडवे व्हायचे. मशीन कधी बंद नसतं, हे मला त्यांनीच सांगितलं. चित्र काढत नसतानाही आतला चुंबक जागाच असतो आणि त्याला थंड ठेवणारा पंप सारखा चिक्-चिक् करतो. “झोपेत दात खाते बिचारं,” म्हणायचे. इतक्या मायेनं, की जणू घरातली म्हातारी कण्हते आहे.

शिकलेले होते, परदेशात राहून आलेले होते, पण म्हाताऱ्यांशी बोलायचे ते शुद्ध वऱ्हाडी. प्रत्येक बाईला ‘माय’, प्रत्येक बाप्याला ‘बाप्पा’. आणि त्यांच्या तळघरात एका प्रश्नाला सक्त मनाई होती. ‘कसे आहात?’ असं कोणी कोणाला विचारायचं नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे हा प्रश्न विचारला की माणूस ‘मजेत’ म्हणतो. तिरडीवर विचारलं तरी म्हणेल. त्याऐवजी ते विचारायचे, “आज भाजीत मीठ कसं होतं?” आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे असं पाहायचे, की त्यांनीच ती भाजी केली असावी. मला पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा मी म्हटलं, बेताचं होतं. ते माझ्या तोंडाकडे नुसते पाहत राहिले. मला वाटलं, माझ्या कपाळाला कुंकवासारखं काही लागलं आहे की काय. हात फिरवून पाहिला.

मशीनमध्ये फार आवाज होतो. ठकठक, घुर्रर्र, मधेच कोणी पत्रा खरवडावा तसं. कानाला हेडफोन लावतात तरी ऐकू येतंच. डॉक्टरांचा छंद असा, की बाहेर आलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, “आतमंदी काय ऐकू आलं?” चित्राशी त्याचा संबंध नव्हता. त्यांना हवं असायचं, एवढंच. आणि एकदा ऐकलं की विसरायचे नाहीत. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या एका बाप्पाला आत कोळशाचा पट्टा सुरू झालेला ऐकू आला आणि पट्ट्यावरून कोणीतरी त्याला ‘बाजूला हो’ म्हणालं. कन्हानच्या एका म्हातारीला नदीवर कपडे आपटल्याचा आवाज आला. ती म्हणाली, कोण आपटत होतं ते नाही दिसलं, पण लुगडं माझंच होतं. एका गुरुजींना वर्गाची हजेरी ऐकू आली. गेलेल्या पोरांची नावं एकेक करून. शेवटी त्यांचं स्वतःचं नाव पुकारलं गेलं आणि गुरुजी गप्प राहिले. हे सांगून डॉक्टर म्हणायचे, “हुशार मास्तर. ‘हजर’ नाही म्हणाला.”

अशा ठिकाणी मी गेले ती नणंदेमुळे. माझ्या नवऱ्याची ही धाकटी बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आली आणि आम्ही दोघी एकाच घरात म्हाताऱ्या झालो. आमचे हे गेले आणि त्यानंतर हळूहळू तिचं बोलणं आटलं. दिवसदिवस भिंतीकडे पाहत बसायची. ताट पुढे ठेवलं तर जेवायची, उचललं तर तशीच बसून राहायची. वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर होते, त्यांनी तिला औषध सुरू केलं आणि विचारलं, तळघरातल्या अभ्यासात नाव घालू का. तिनं मान डोलावली.

माझं काय चाललं होतं तेही सांगून टाकते. मी घरात सगळ्यांपेक्षा धडधाकट होते. सासरची पितळी भांडी एकेक करून भाचेसुनांना देत होते, चांगल्या साड्या वाटत होते, कपाटं रिकामी करत होते. त्याला मी आवराआवर म्हणत होते. ब्लड प्रेशरच्या गोळ्या संपल्या, त्या मी पुन्हा आणल्या नाहीत. विसरले नव्हते. दुकानावरून जात होते, थांबत नव्हते. दिवसभर एकाच गोष्टीची वाट पाहत होते आणि कशाची, ते स्वतःशीही बोलत नव्हते. आणि ही बाई नणंदेला सांगायची, अगं, जरा मनानं खंबीर हो, माझ्याकडे पाहा. आज ती चौसष्ट वर्षांची पोरगी भेटली तर मी तिचा कान धरीन.

नणंद मशीनमधून बाहेर आली त्या दिवशी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडून पुरतं वाक्य निघालं.

“आतमंदी दादा होता,” ती म्हणाली. “तुले विचारून राहिला होता.”

तळघर आधीच थंड. माझ्या दंडावर काटा उभा राहिला तो थंडीचा नव्हता. दादा म्हणजे तिचा भाऊ. म्हणजे आमचे हे.

आता हसायचं असेल तर हसा. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून मी लोकांचे ट्रंक कॉल जोडले. दूरचा कॉल लागायला वेळ लागतो, लाइनवर खरखर असते, पलीकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, पण धीरानं लाइन धरून ठेवली तर माणूस मिळतोच, ही माझी आयुष्यभराची शिकवण. त्यामुळे मेलेला नवरा हेडफोनवर चौकशी करतो, यात मला अशक्य काही वाटलं नाही. मला एवढंच वाटलं, की कॉल माझा आणि घेतला हिनं. मी जाऊन जोडून घ्यायला पाहिजे.

पण उदास म्हाताऱ्यांत मला कसं घेतील? मी तर खंबीर. उरली निरोगी बाजू. तिथे त्यांना माणसं कमी पडत होती. मी डॉक्टरांना म्हटलं, मी येते की, मले काय धाड भरली. आणि मग तो अभ्यास, ते मार्क, ती बर्फी.

माझा नंबर लागला त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः मला फळीवर निजवलं. डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, त्यात एक आरसा, आरशात अधिकची खूण. आता काहीच करायचं नाही, त्या खुणेकडे पाहत पडून राहायचं, असं सांगितलं. मी विचारलं, काहीच नाही करायचं तर मग चित्र कशाचं काढता? ते म्हणाले, “माणूस काही करत नाही, तवाच त्याच्या घरात कोण फिरते ते दिसते, माय.” ते मग समजावत बसले. मेंदू कधी रिकामा बसत नाही. आपण गप्प पडलो की आतले लोक उठतात, इकडून तिकडे जातात, एकमेकांशी बोलतात. उदास माणसाच्या घरात बहुतेकदा एकच जण एकाच खोलीत येरझारा घालत असतो. आणि म्हातारपणी कधी कधी खोल्यांमधले रस्तेच उखडतात, पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांसारखे. चित्रात तिथे पांढरे डाग दिसतात. एवढं सांगून त्यांनी माझ्या हातात घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा दिला आणि दार लावून घेतलं.

ठकठक सुरू झाली. मी लाइन धरली.

इतक्या चिकाटीनं मी खात्यातही कधी धरली नव्हती. पापणी लवू दिली नाही. नाकाला खाज आली, ती गेली. मान, खांदे, बोटं, सगळं सोडून दिलं आणि नुसता कान ठेवला. आवाज बदलायचा तेव्हा वाटायचं, आता. पुढची खरखर संपली की आता. श्वासाचा आवाज मधे येत होता, म्हणून तोही बारीक केला. आरशातली खूण हळूहळू पुसट झाली. मग माझे पाय कुठे आहेत ते कळेना. मग मी कुठे आहे ते कळेना आणि खरं सांगते, बरं वाटलं. असंच राहू द्या, असं वाटलं.

बाहेर काढलं तेव्हा डॉक्टर वाकून उभे होते. काय ऐकू आलं, त्यांनी विचारलं.

काहीच नाही, मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. तोवर कोणी असं उत्तर दिलं नव्हतं. चक्की, घुंगरू, भांडण, काही ना काही प्रत्येकाला ऐकू येत असे. त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. मग मी ऐटीत म्हटलं, बघा, मी जराही हलले नाही. ते हळूच म्हणाले, “ते पाहिलं मी.”

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांचा निरोप आला. दोघी या. नणंदेला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला पडद्यांच्या खोलीत नेलं. तिथे दिवा नव्हता. पडद्याचा निळसर उजेड त्यांच्या त्या पांढुरक्या चेहऱ्यावर. आधी त्यांनी दोन मेंदू दाखवले, एक माझा आणि एक नणंदेचा, आणि विचारलं, यातला उदास कोणता? मी ताबडतोब एकावर बोट ठेवलं. त्यांनी खाली नाव दाखवलं. तो माझा होता.

“घाबरू नको माय, मलेही नाही ओळखता येत,” ते म्हणाले. एका माणसाचं चित्र मुकं असतं, त्यांनी सांगितलं. पुष्कळ जणांची चित्रं एकावर एक ठेवावी तेव्हा कुठे थोडी कुजबुज ऐकू येते. एकट्याच्या चित्रावरून हा दुःखी, हा सुखी असं सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याच्या दारातून परत फिरायचं.

मग त्यांनी चित्रं बाजूला केली आणि पडद्यावर नुसत्या रेघा आणल्या. मशीनमध्ये डोकं किती हललं, त्याची रेघ निघते. कोणी कितीही शांत पडो, रेघ थरथरतेच. आवंढा गिळला जातो, आवाजानं दचकायला होतं. पहिली रेघ नणंदेची होती, उंदरानं कुरतडल्यासारखी. खालची रेघ एकदम सरळ. मी म्हटलं, ही माझी. ते म्हणाले, नाही, ही भोपळ्याची. मशीन बरोबर चालतं का ते पाहायला पाण्यानं भरलेला एक प्लॅस्टिकचा गोळा आत ठेवतात, त्याला ते भोपळा म्हणत. मग त्यांनी त्याच्याखाली तिसरी रेघ आणली. ती माझी होती. दोन्हींत मला फरक दिसेना. त्यांनी बोटानं दाखवलं तेव्हा दिसला. माझ्या रेघेत श्वासाची एक फार बारीक लहर होती, ती पुढे पुढे आणखी बारीक होत गेलेली.

त्यांनी पडद्यावर टकटक केली. नेहमीचा प्रश्न पडद्याला विचारला नाही. वळून मला विचारला.

“माय, आहे का कोणी घरात?”

मी चटकन ‘मजेत’ म्हणणार होते. पण प्रश्न तो नव्हता. मग त्यांनी मिठाचं विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर, वर्ष झालं, मला मीठ लागत नाही. मग साखर लागत नाही हेही सांगितलं, भांड्यांचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं आणि शेवटी लाइन धरल्याचं सांगितलं. आमचे हे मला बोलावताहेत आणि मला ऐकू येत नाही, एवढंच माझं दुःख आहे, असं म्हणाले. हे सगळं मी अगदी व्यवस्थित, तक्रार नोंदवावी तसं सांगितलं. रडायला लागले ते नंतर.

डॉक्टर उठले, माझा हात धरला आणि जिन्याकडे निघाले. भर दुपारी. पायात मशीनच्या खोलीतल्या निळ्या रबरी सपाता तशाच. वरच्या मजल्यावर पोचलो तेव्हा उन्हानं त्यांचे डोळे मिटले. आंधळ्यासारखे भिंत चाचपत चालले होते, पण माझा हात सोडला नाही. नर्सा कामं टाकून पाहत राहिल्या. मनाच्या डॉक्टरांच्या दाराशी रांग होती. रांग मोडून आत शिरले आणि म्हणाले, ही बाई माझ्या निरोगी ढिगातून काढून आणली आहे, आत्ताच्या आत्ता पाहा, आणि हिचं ब्लड प्रेशरही मोजा. एवढं बोलून पुन्हा भिंत चाचपत गेले.

औषधानं जादू झाली नाही. कितीतरी आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी वरणात मीठ जास्त पडल्याचं मला कळलं आणि मी वाटी हातात घेऊन वेड्यासारखी हसले. तपासणीला जाऊन परतताना मी तळघरात डोकावायचे. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही रोज त्या बोगद्यात पडता, तुम्हाला काय ऐकू येतं? ते म्हणाले, मला हे कोणी विचारलंच नव्हतं. आत त्यांना त्यांचाच आवाज ऐकू येतो, हेडफोनवर सगळ्यांना सांगतात तसा. हलू नका, हलू नका. मी म्हटलं, मग जरा हलत जा की. त्यावर ते पहिल्यांदा हसले. दात लहान होते, लहान पोराचे असतात तसे.

निवृत्तीनंतर ते कुठे गेले ते कोणाला माहीत नाही. दिवसा कोणी त्यांना पाहिलं असेल, असं वाटत नाही.

पण मला जिन्यावरून वर नेलं त्या दिवसाचं राहिलंच. औषधाची पिशवी घेऊन मी आणि नणंद ऑटोत बसलो. दोन्ही बाजूंनी गरम वारा येत होता. मी रडून सुजले होते. ती रस्त्याकडे पाहत होती. अर्धा रस्ता झाल्यावर तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. माझ्याकडे वळली नाही. म्हणाली,

“वहिनी, मशीनमंदी दादा नव्हता वं. नुसती ठकठक होती. तू आत जावं, कोणी तरी तुले पाहावं, म्हणून खोटं बोलली मी. दादा तर घरीच बसून राहते, तुह्या उशापाशी. तो म्हणते, मी तिले बोलावून नाही राहिलो, तेवढं सांगून दे तिले.”